ट्रॉलीचा मार आणि पुराचा गंज

वाचकाचं पत्र

काका, नमस्कार. मी २६ वर्षांचा आहे, गोकुळ शिरगाव एमआयडीसीत सीएनसी मशीनवर कामाला. घर नागाळा पार्कात, पुराचं पाणी येतं त्या बाजूला. बाबांची २००३ ची मारुती ८०० आहे. २०२१ च्या पुरात ती सीटच्या गादीपर्यंत पाण्यात होती. बाबांनी ती धुऊन घेतली, तेलं बदलली आणि पुढं रोज चालवली. मागच्या गळीत हंगामात गगनबावडा रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीनं डाव्या बाजूला पुढून मार दिला. बाबांना खरचटलंही नाही. पण दोन महिन्यांनी ते हृदयविकारानं गेले. तेव्हापासून गाडी शेडमध्ये उभी आहे. आई म्हणते, भंगारात देऊन टाक, ती दारात दिसली की मला त्रास होतो. मला मात्र ती घरीच स्वतःच्या हातानं नीट करायची आहे आणि थोडी मॉडिफाय पण करायची आहे. मॅट काळा रंग, १४ इंची अलॉय, स्प्रिंग कापून गाडी खाली, मोठा सायलेन्सर आणि जमलं तर सनरूफ. एक गॅरेजवाला म्हणतो, आठ दिवसांत डेंटिंग-पेंटिंग करून चकाचक देतो. फोटो जोडलेत. कुठून सुरुवात करू?

— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर

बाळा, तुझे सगळे फोटो मी मोठे करून पाहिले. चेपलेलं मडगार्ड, फुटलेला लाइट, वाकडा शो (पुढची जाळी), तिरकं झालेलं बोनेट. बघणारा प्रत्येक जण तुला तेवढंच दाखवत असणार. माझी नजर चौथ्या फोटोवर अडकली. त्यात मागचं डावं दार उघडं आहे आणि खाली रनिंग बोर्डच्या कडेला रंगाला हरभऱ्याएवढे फोड आलेत. ट्रॉलीनं तुझी गाडी एका क्षणात चेपली. पूर मात्र तिला २०२१ पासून आतून खातोय, आणि आठ दिवसांत गाडी चकाचक करणारा माणूस नेमक्या त्या फोडांवर पुटी मारून रंग ओढेल. पुढच्या श्रावणापर्यंत फोड परत येतील. मधल्या काळात तुझ्या पायाखालचा पत्रा चाळणीसारखा झालेला असेल.

म्हणून मी तुला एकच क्रम सांगतो, आणि तो मोडू नकोस. ही गाडी कंपनीतून निघाली तेव्हा जेवढी भक्कम होती, तेवढी ती आधी कर. बदल त्यानंतर. तुझ्या यादीतल्या पाच गोष्टींपैकी बऱ्याच तोवर तुलाच नकोशा वाटतील, पण त्याविषयी पुढं बोलू.

स्पॅनर हातात घेण्याआधी आरसी बुक काढ. गाडी बाबांच्या नावावर आहे. मालक गेल्यावर वारसानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी नावावर करून घ्यायची असते. ती मुदत तुझी उलटलेली दिसते. तरी अर्ज कर, उशिराचा दंड पडेल तो भर. दुसरी गोष्ट, २००३ ची गाडी म्हणजे पहिली १५ वर्षं २०१८ ला संपली. त्यानंतर दर पाच वर्षांनी फॉर्म २५ भरून, गाडी तपासून घेऊन नोंदणी पुढं न्यावी लागते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. बाबांनी २०१८ ला केलं असेल तर २०२३ ला पुन्हा केलं का, तारीख बघ. हे खर्च आधी कागदावर मांड. पुष्कळ पोरं सहा महिने राबून गाडी उभी करतात आणि मग कळतं, नोंदणीच संपलेली आहे आणि रस्त्यावर काढता येत नाही.

वारसाच्या अर्जाला आईची संमती लागणार, बहीण-भाऊ असतील तर त्यांचीही. मला वाटतं हे बरंच आहे. सही मागायला गेलास की तुला तिच्याशी नीट बोलावं लागेल. ती गाडीवर चिडलेली नाही, दारात तशीच मोडकी उभी असलेली गाडी तिला तो महिना रोज आठवायला लावते. तिला तारीख सांग. गुढीपाडव्यापर्यंत एक तर गाडी चालती होईल, नाही तर मी स्वतः ती देऊन टाकीन, असा शब्द दे आणि पाळ. आणि काम होईपर्यंत गाडी तिला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणार नाही अशी शेडच्या मागच्या बाजूला सरकव. द्यायची वेळ आलीच, तर गल्लीत फिरणाऱ्या भंगारवाल्याला देऊ नकोस. सरकारमान्य स्क्रॅप केंद्राला दे, तिथला दाखला घे आणि आरसी रद्द करून घे. चेसिस नंबर बाबांच्या नावावर जिवंत ठेवून गाडी कुणाच्या तरी हाती सोडणं बरोबर नाही.

आता गाडीकडे येऊ.

आत्ता पावसाचे दिवस आहेत, तर रंगाचा विचारसुद्धा करू नकोस. हवेत दमटपणा असला की रंगावर पांढुरकी झाक येते आणि उघडा केलेला पत्रा एका रात्रीत तांबूस होतो. या दिवसांत कागदपत्रं कर, गाडी मोकळी कर, पार्ट गोळा कर. खंडेनवमीला हत्यारं पुजलीस की पत्र्याला हात घाल. डिसेंबर ते फेब्रुवारी हा आपल्याकडचा रंगाचा खरा काळ, हवा कोरडी आणि ऊन बेताचं.

पहिलं काम, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढ. सीटा काढ, दारांची पॅड काढ, गालिचा काढ. गालिच्याखाली जाड काळा नमदा असतो, तो हातात घेऊन पिळ. पुराच्या गाडीत तो कितीही वर्षांनी ओलसर लागतो, कारण वरून वाळतो आणि खालून कधीच वाळत नाही. तो फेकून दे. मग एक जुना स्क्रू ड्रायव्हर घे आणि सगळ्या फरशीवर, रनिंग बोर्डवर, सीटचे बोल्ट येतात तिथं, मागच्या शॉकअपच्या बुडाशी टोचत जा. चांगला पत्रा टणक वाजतो. गंजलेला बसका आवाज देतो आणि टोक आत जातं. जाईल तिथं खडूनं गोल कर. घाबरू नकोस, पुष्कळ गोल होतील.

पुराचा गंज बाहेरून आत येत नाही. पंचगंगेचं पाणी नुसतं पाणी नसतं, त्यात बारीक गाळ असतो. रनिंग बोर्ड, दाराचा तळ, खांब, हे सगळे आतून पोकळ. पाणी उतरतं, गाळ पोकळीत राहतो. कंपनीनं पाणी निचरायला खाली बारीक भोकं ठेवलेली असतात, तीच गाळानं बुजतात. मग तो गाळ स्पंजासारखा दर पावसाळ्यात ओल धरतो. बाबांनी गाडी धुतली, तेलं बदलली, हे त्यांनी अगदी बरोबर केलं, म्हणूनच इंजिन वाचलं. पण पोकळ्या धुवायचं बहुतेकांच्या डोक्यात येत नाही. २०१९ ला पाणी ५५ फुटांवर गेलं आणि दोन वर्षांनी २०२१ ला पुन्हा आलं, तेव्हा मी आपल्या गावात अशा कितीतरी गाड्या पाहिल्या. वरून लखलखीत, आणि दार आपटलं की आतून माती सांडायची.

तर ती भोकं तारेनं मोकळी कर. रबरी बूच काढून पोकळीत पाइप घाल आणि खालून स्वच्छ पाणी पडेपर्यंत धू. मग कॉम्प्रेसरची हवा मारून, ऑक्टोबरच्या उन्हात दारं उघडी टाकून आठ-दहा दिवस वाळव. इथं घाई केलीस तर पुढचं सगळं वाया जाईल.

ट्रॉलीच्या माराविषयी. मारुती ८०० ला ट्रकसारखी वेगळी चेसिस नसते. पत्र्याचा सांगाडा हीच तिची चेसिस. त्यामुळे मडगार्ड चेपलंय की आतला ॲप्रन (चाकावरचा, सांगाड्यालाच जोडलेला पत्रा) सरकलाय, हा सगळ्यात मोठा प्रश्न आहे. मडगार्ड बोल्टचं असतं, नवं बसतं. ॲप्रन सरकला असेल तर शॉकअपचं वरचं बूड सरकलेलं असतं. मग कितीही अलाइनमेंट कर, गाडी एका बाजूला ओढत राहते आणि टायर खाते.

हे घरी कळायला महागडं यंत्र लागत नाही. गवंड्याचा ओळंबा आण. गाडी सपाट फरशीवर चार स्टँडवर समतल उभी कर. बुडाखाली डाव्या-उजव्या बाजूला जोडीनं असणारी भोकं आणि बोल्ट शोध: लोअर आर्मचे, क्रॉस मेंबरचे, मागचे. प्रत्येकातून ओळंबा सोड आणि फरशीवर खडूनं फुली मार. मग गाडी बाजूला घेऊन फुल्यांमध्ये टेप धर. डावीकडून उजवीकडे तिरकं आणि उजवीकडून डावीकडे तिरकं, दोन्ही मापं सारखी आली पाहिजेत. बोनेट उघडून शॉकअपच्या दोन्ही बुडांपासून विंडस्क्रीनच्या विरुद्ध कोपऱ्यापर्यंतही तसंच मोज. तू सीएनसीवर काम करतोस, तुला माप घ्यायला शिकवायची गरज नाही. दोन-तीन मिलिमीटरचा फरक टेपचा असू शकतो. सात-आठ मिलिमीटर आला तर ते काम तुझं नाही. गाडी बांधून साखळीनं ओढून सरळ करणारी यंत्रं असलेल्या ठिकाणी ती उचलून घेऊन जा. पाना-हातोड्यानं ॲप्रन सरळ करणारे लोक आहेत, त्यांना हे काम देऊ नकोस.

आता वेल्डिंग. गंजलेला भाग घासून त्यावर नवा पत्रा ठिगळासारखा चिकटवायचा नाही. टणक पत्रा लागेपर्यंत कापून काढ. ०.८ एमएमचा सीआरसी (थंड लाटलेला) पत्रा आण, आधी पुठ्ठ्याचा नमुना काप, मग पत्रा. सीओटू वेल्डिंग स्वतः शिकायचं असेल तर फेकायच्या पत्र्यावर पंधरा दिवस हात बसव, नाही तर कापणं आणि बसवणं तू कर आणि टाके मारायला उद्यमनगरातला कारागीर तासाच्या हिशेबानं घरी बोलाव. मी असतो तर दुसरं केलं असतं. सलग शिवण ओढू नकोस. एक टाका इथं, दुसरा वीतभर लांब, पत्रा थंड होऊ दे, मग मधला. एकाच जागी तापवलास तर पत्रा ताणतो आणि बोट लावलं की डबक-डबक वाजतो. तो मग पुटीखालीच लपवावा लागतो. वेल्डिंगच्या दिवशी पेट्रोलची टाकी गाडीतून बाहेर काढलेली हवी. बादलीभर वाळू, पाणी आणि अग्निशामक सिलिंडर हाताशी हवा, आणि पलीकडच्या बाजूनं पत्र्याकडे लक्ष ठेवणारा एक माणूस हवा. मागं राहिलेला नमद्याचा तुकडा न दिसता पेटतो.

वेल्डिंग झाल्यावर उरलेल्या तांबूस जागांना रस्ट कन्व्हर्टर, त्यावर इपॉक्सी प्रायमर, सांध्यांना सीलर. आणि शेवटी, हे सांगायला मी सगळ्यात उत्सुक आहे, पोकळ्यांमध्ये मेण मार. पोकळीत फवारायचं पातळ मेण डब्यात मिळतं, त्याला लांब नळी असते. रनिंग बोर्ड, दारं, खांब, सगळीकडे खालच्या भोकांतून थेंब पडेपर्यंत मार. थेंब गळून गेल्यावर ती भोकं परत तारेनं मोकळी कर. एवढं केलंस तर ही गाडी तुझ्या मुलाबाळांना बघायला मिळेल.

इंजिनबद्दल फार लिहीत नाही, ते तुझं चालू होतं. उभ्या गाडीला थेट सेल्फ मारू नकोस. प्लग काढ, तिन्ही सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाक, एक रात्र जाऊ दे, मग क्रँकच्या पुलीला पाना लावून हातानं दोन-तीन फेरे फिरव. मोकळं फिरलं तर नवं ऑइल, फिल्टर, कूलंट. टायमिंग बेल्ट जुना असेल तर न बघता बदल. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाक. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यातलं काही आपल्याच उसापासून झालेलं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या टाकीत तळाला पाणी साठतं. तुझ्या गाडीचे रबरी पाइप या मिश्रणासाठी बनलेले नाहीत. टाकीपासून इंजिनपर्यंतचे सगळे पाइप, क्लिप आणि फिल्टर नवे घाल, इथेनॉलला चालणारे मागून घे. वायरिंगमध्ये प्रत्येक कनेक्टर उघड. हिरवट बुरशीसारखं दिसलं तर कॉन्टॅक्ट क्लीनर आणि ब्रश. अर्थच्या जागा पत्र्यापर्यंत घासून घट्ट कर. फ्यूज उडतो म्हणून मोठा फ्यूज घालायचा नाही.

ब्रेक मात्र स्वतः करू नकोस. पुरात राहिलेल्या गाडीच्या व्हील सिलिंडरमध्ये गंज धरतो, बुडाखालून जाणारा ब्रेकचा लोखंडी पाइप क्लिपांच्या खाली सडतो, आणि ब्रेक ऑइल तर पाणी पितंच. सामान तू आण: पाइप, होज, सिलिंडर, शू, ऑइल. बसवून, एअर काढून, तपासून द्यायला अनुभवी मेकॅनिक हवा. स्टिअरिंगचे बॉल जॉइंट आणि रॉड एंड त्याच हाताखालून जाऊ देत. माझ्या शिष्यांपैकी एकालाही मी पहिल्या वर्षात ब्रेक एकट्यानं करू दिले नाहीत.

आणि जॅक. हे मी प्रत्येक पत्राला उत्तर देताना लिहितो आणि लिहीत राहीन. माझ्या उमेदवारीच्या दुसऱ्या वर्षी आमच्या शेडमध्ये विटांच्या थप्पीवर टेकवलेली गाडी सरकली. माझ्या शेजारी बसलेल्या पोराच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. तो पत्र्याच्या कामात माझ्याहून चांगला होता. मारुती ८०० साधारण साडेसहाशे किलोची, लोक म्हणतात हलकी गाडी आहे. छातीवर आली तर हलकी नसते. जॅक उचलायला, स्टँड टेकवायला. चार मजबूत स्टँड हीच तुझी पहिली खरेदी असू दे, अलॉयच्या आधी. विटा, दगड, लाकडाचे ओंडके यांवर टेकवलेल्या गाडीखाली जायचं नाही. घरी कुणी नसताना खाली जायचं नाही.

पुटी आणि रंगाचं काम तुला नक्की आवडेल, ते हातानं शिकण्यासारखं आहे. पत्रा हातोडी आणि डॉलीनं (मागून टेकवायच्या लोखंडी ठोकळ्यानं) जितका वर येईल तितका आण, मग पुटी. दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड पुटी कधीच नको. नव्या पार्टला किंवा दाराला आधी कुणी पुटी भरलीय का, हे बघायला फ्रिजवरचं चुंबक फिरव, जाड पुटीवर ते धरत नाही. पुटीत हार्डनर घातला की ती काही मिनिटांत दगड होते, तेव्हा लिंबाएवढीच कालव. आपल्याकडे पुटी पाणी मारून घासायची जुनी सवय आहे, ती तू धरू नकोस. पुटी पाणी शोषते आणि रंगाखालून वर्षभरात फोड देते. कोरडी घास, नाकाला मास्क लावून, लाकडी ठोकळ्याला सँडपेपर गुंडाळून: ८० नंबरचा, मग १८०, मग ३२०. नुसत्या बोटांनी घासलीस तर लाटा पडतात. घासण्याआधी काळ्या स्प्रेचा हलका हात फिरव, खोलगट जागा काळ्या राहतात आणि लगेच दिसतात. प्रायमर बसल्यावर ४०० आणि ६०० नं पाण्यानं घासायला हरकत नाही.

शेवटचा रंग घरी फवारू नकोस. आता जो टिकाऊ टू-के रंग वापरतात, त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. तोंडाला रुमाल किंवा साधा मास्क बांधून ते अडत नाही, वास येईपर्यंत ते छातीत गेलेलं असतं, आणि एकदा त्याचा दमा जडला की जन्मभर सोबत राहतो. माझ्या पिढीतले कितीतरी रंगारी पन्नाशीत जिना चढू शकत नव्हते, ते मी पाहिलेलं आहे. तू घासून, प्रायमर करून, मास्किंग लावून गाडी टो करून रंगाच्या भट्टीत (पेंट बूथमध्ये) ने. तिथं भाड्यानं किंवा मजुरीवर रंग होतो. रंग वाळल्यावर १५०० आणि २००० पेपर, मग कंपाउंड, मग बफिंग, हे परत तुझ्या अंगणात कर. हाताला चमक लागते तो आनंद कुणाला देऊ नकोस.

आता तुझी यादी. मॅट काळा रंग चालेल, पण रंग आरसीवर नोंदलेला असतो. बदलायचा तर आरटीओकडे अर्ज करून नोंद बदलून घे. सनरूफ साफ विसर. आताच सांगितलं, ह्या गाडीचा सांगाडा पत्र्याचाच आहे, छत हा त्याचा भाग आहे. ते कापणं म्हणजे घराची तुळई कापून उजेड आणणं, आणि शिवाय कोल्हापूरचा पाऊस. स्प्रिंग कापू नकोस. कापलेली स्प्रिंग उडी मारून जागेवरून निसटू शकते, आणि उसाच्या ट्रॉल्यांनी उखणलेल्या रस्त्यांवर खाली बसलेली गाडी दर खड्ड्यात सायलेन्सर घासेल. मूळ चाक १२ इंची. १४ इंच घातलं की वळताना टायर कमानीला लागतो, स्पीडोमीटर चुकीचा दाखवतो, आणि लहान इंजिनाचा दम जातो. १२ इंचीच अलॉय मिळालं तर घाल, टायर कंपनीच्या मापाचा ठेव. मोठा आवाज करणारा सायलेन्सर तुझ्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांसाठी नको.

कायदा यात कडक आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, कंपनीनं दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलात बदल होईल अशी फेरफार मालकानं करू नये. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये तेच पुन्हा ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. इंजिन बदलणं, सीएनजी किंवा इलेक्ट्रिक किट बसवणं, यांना मान्यताप्राप्त किट आणि आरटीओची परवानगी लागते. बुल बार आणि काचेवरच्या काळ्या फिल्मला बंदी आहे. मिलिटरी हिरवा रंग मला बरीच पोरं विचारतात म्हणून सांगतो, तो लष्कराखेरीज कुणाला चालत नाही. आणि विमा कंपनीला बदल न सांगता अपघात झाला तर दावा अडकतो.

पण मॉडिफाय करायचंच नाही, असं मी म्हणत नाही. उलट ह्या जुन्या गाडीला पाच बदल मी हट्टानं करायला लावीन. हेडलाइटला रिले (मूळ स्विचच्या इशाऱ्यावर चालणारा वेगळा विजेचा स्विच) घालून बॅटरीवरून थेट जाड वायर टाक. मूळ वायरिंगमध्ये करंट स्विचमधून फिरून येतो आणि वाटेत मरतो. रिले घातला की त्याच बल्बचा उजेड रात्रीच्या गगनबावडा रस्त्यावर वेगळाच पडतो. हॉर्नलाही रिले. मागच्या सीटला बेल्ट नसतील तर मूळ नटाच्या जागी बसणारे बेल्ट घाल. नमदा फेकलास, त्या जागी पाणी न धरणारं साउंड डॅम्पिंग चिकटव, गाडी आतून शांत होते. आणि मागं, ट्रॉलीवाल्याला अंधारात दिसेल असा चांगला रिफ्लेक्टर. या बदलांनी आरसीवरचं काही बदलत नाही.

तुला कुणी म्हणेल, एवढा खर्च जुन्या मारुतीवर कशाला? मारुती ८०० ची पहिली गाडी डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि शेवटची २०१४ च्या जानेवारीत बनली. तीस वर्षं बनत राहिलेल्या गाडीचे पार्ट अजून मिळतात, हे तुझं भाग्य. आणि आपल्या गावात हे अवघड नाही. इथं म्हादबा मिस्त्रींनी शाळेचा दाखला नसताना ऑइल इंजिन बनवलं, बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला. दर दसऱ्याला राजघराण्याची जुनी मेबॅक दसरा चौकात येते, तेव्हा ती रंगानं सुंदर दिसते म्हणून लोक थांबतात, पण ती चालत येते हे कुणाच्या तरी हातानं शक्य झालेलं असतं. मिळणार नाही असा एखादा बुश किंवा ब्रॅकेट लेथवर करून देणारा माणूस तुला उद्यमनगरात पायी चालत सापडेल. तुझ्या कारखान्यातल्या मशीनवर कामाच्या वेळेत स्वतःचा पार्ट करायचा मोह मात्र टाळ, नोकरी जाते.

एक वही ठेव. उघडताना प्रत्येक बोल्ट, प्रत्येक वायर कुठून आली ते लिही, फोटो काढ, बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत चिठ्ठी लावून ठेव. तीन महिन्यांनी जोडताना आठवणार नाही. खर्चही त्यात लिही आणि महिन्याला किती घालायचे ते आधी ठरव. कर्ज काढून हे करू नकोस.

गाडी जुळली की लगेच हायवेवर नेऊ नकोस. पहिल्या दिवशी गल्लीत, ब्रेक दाबून बघत. दुसऱ्या दिवशी रंकाळ्याला एक फेरी. शंभर किलोमीटर झाल्यावर चाकांचे नट, सस्पेन्शनचे बोल्ट, बॅटरीचे टर्मिनल पुन्हा आवळ, बुडाखाली कुठं थेंब पडतोय का बघ. मग व्हील अलाइनमेंट करून त्याची चिठ्ठी वहीत लाव.

आणि डावीकडचं पुढचं दार. मार तिथवर आलाय, फोटोत बिजागरी खाली बसलेली दिसते. बाबा गाडी चालवत असताना आई तिथंच बसत असणार. ते दार तू सगळ्यात आधी बसतं कर, त्या बाजूचा बेल्ट नवा घे. काम अर्धं झालं असेल, रंग बाकी असेल, सीटवर अजून कव्हर नसेल, तेव्हा एखाद्या संध्याकाळी तिला शेडमध्ये बोलाव आणि ते दार तिला स्वतः उघडू-लावू दे. ती काय म्हणाली ते मला लिहून कळव.